पावसात गेकोचे रातकिडे का मरतात?

मृग लागला की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. पडवीतलं एक कौल गळायला लागतं आणि बाबा म्हणतात, यंदा गणपतीआधी बदलतोच. आणि माझ्या गेकोला, म्हणजे पाळलेल्या पालीला, खायला आणलेले रातकिडे मरतात.

कौल अजून तेच आहे. रातकिडे मात्र गेल्या पावसाळ्यात जगले, म्हणून हे लिहायला घेतलं. कोकणात गेको पाळणारे फार नाहीत, पण जे आहेत त्यांचं जून ते सप्टेंबर एकच रडगाणं असतं: पार्सल आलं, दोनशे किडे होते, चौथ्या दिवशी वीस उरले, गेको उपाशी, नवीन पार्सल मागवलं, तेही गेलं.

माझ्याकडे आफ्रिकन फॅट-टेल्ड गेकोची मादी आहे. नाव आठळी, कारण शेपटी अगदी उकडलेल्या फणसाच्या आठळीसारखी, गुबगुबीत आणि तपकिरी. मूळची पश्चिम आफ्रिकेतली जात, त्यामुळे आपली दमट हवा तिला लेपर्ड गेकोपेक्षा बरी मानवते. खाणं मात्र दोघांचं सारखंच. भाजी नाही, फळ नाही, पाण्यात कालवलेली पूड नाही. समोर काहीतरी हललं पाहिजे, तरच बाईसाहेब मान वळवणार. म्हणजे गेको पाळणं हे खरं तर किडे पाळणं आहे. गेकोला आठवड्यातून दोन-तीनदा खायला घालायचं, किड्यांना रोज. दुकानदार हे सांगत नाही.

आम्ही रत्नागिरीपासून थोडं आत राहतो, रात्री समुद्र ऐकू येतो एवढ्या अंतरावर. जुलैत घरातल्या आर्द्रतेच्या मीटरवर 85 च्या खालचा आकडा क्वचित दिसतो. मीठ पाझरतं, पापड सादळतात, माचिस पेटत नाही. त्यामुळे किडे मेले की मीही तीन वर्षं एकच उत्तर देत राहिले: ‘हवाच दमट, काय करणार?’ ते उत्तर अर्धंच होतं. आणि उरलेलं अर्धं मला आजीने सांगितलं.

मेलेले किडे लगेच फेकू नका

आधी मी काय करायचे? मेलेले झाडून काढायचे, डबा धुवायचा, पार्सल पाठवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या द्यायच्या आणि त्यालाच परत पैसे पाठवायचे. किडा कसा मेलाय हे एकदाही बघितलं नाही. निम्मं निदान तिथेच होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत कोल्हापूरहून आंबा घाटातून आलेलं पार्सल जरा जास्तच भरलेलं निघालं. गर्दी नको म्हणून मी किडे दोन डब्यांत वाटले. एक नेहमीप्रमाणे माझ्या खोलीत, आठळीच्या टाकीशेजारी. दुसऱ्याला जागा नव्हती म्हणून पडवीतल्या टेबलाखाली, जिथे शिंतोडेसुद्धा येतात. सकाळी खोलीतला डबा उघडला तर निम्मे उताणे. एक अजून जिवंत होता. पाठीवर पडून मागचे पाय झटकत होता, थांबत होता, परत झटकत होता. काडीने सुलटा केला, दोन पावलं वाकडा चालला आणि पुन्हा उलटला. पडवीतले मात्र दणकट, झाकण उघडताच लपायला ठेवलेल्या अंड्यांच्या ट्रेखाली पळाले. म्हणजे जास्त दमट जागेतले ठणठणीत आणि कोरड्या खोलीतले गार.

मी दाराशी डबा धरून उभी, आजी चहा घेऊन आली. तिने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या प्लगकडे. ‘‘अगो, त्या बाटलीने डास मरतात ना? मग तुझे किडे काय अमरपट्टा घेऊन आलेत?’’

डास मारायचं लिक्विड मशीन. पाऊस लागला की डास वाढतात, मशीन लागतं. पाऊस लागला की खिडक्याही बंद होतात. उन्हाळ्यात उघड्या खिडकीत जे औषध वाऱ्यावर जातं ते पावसाळ्यात खोलीत साठतं. या बाटल्यांत, कॉइलमध्ये आणि डासांच्या अगरबत्त्यांत पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात: ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन, अ‍ॅलेथ्रिन. ती कीटकांच्या मज्जासंस्थेवर काम करतात, आणि डास कोणता नि रातकिडा कोणता हे त्यांना कळत नाही. उताणं पडणं आणि पाय झटकणं ही त्याचीच खूण. मी तीन वर्षं हवेला दोष देत होते आणि रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने मशीनचं बटण दाबत होते.

म्हणून पहिला नियम असा. एका रात्रीत, लहान-मोठे सगळे, उताणे आणि थरथरत मेले असतील तर आधी विष शोधा. मशीन हा एक उमेदवार. दुसरा म्हणजे मुंग्या आणि झुरळं मारायचा खडू. डबा ठेवलेल्या फळीवर कोणीतरी प्रेमाने रेघ मारलेली असते. तिसरा जरा लपलेला: कुत्र्याला गोचिडाचं औषध लावलं आणि तोच हात डब्यात घातला. चौथा बाहेरून येतो. शेजारच्या आंब्याच्या बागेत फवारणी चालू असेल तर खिडकीतला डबा त्या दिवशी माजघरात न्या. आणि अशा डब्यातले वाचलेले किडे गेकोला घालू नका. वाया गेले तर जाऊ देत.

आता माझ्या खोलीत मच्छरदाणी आहे. लहानपणासारखं वाटतं.

बाकीचे मृत्यू

उताणे नाहीत, पण डबा उघडल्यावर नाकात झोंबणारा वास येतो, अंड्यांचे ट्रे मऊ पडलेत, मेलेले काळपट आणि ट्रेला चिकटलेले: ही खरी ओल. रातकिड्यांची विष्ठा आणि मेलेले किडे ओले झाले की अमोनिया सुटतो आणि तो डब्यात साठतो. झाकण घट्ट असेल तर रात्रीत डबा साफ. इथे दमट हवेचा दोष आहे, पण तो बंद डब्यामुळे जीवघेणा होतो.

पंख कुरतडलेले, पाय गायब, पोट खाल्लेलं असेल तर त्यांनी एकमेकांना खाल्लंय. गर्दी झाली आहे, पाणी नाही किंवा खाण्यात प्रथिनं कमी पडलीत.

आणि काही वेळा कोणाचीच चूक नसते, ते म्हातारे असतात. पंख फुटलेला रातकिडा पूर्ण वाढलेला असतो आणि त्याच्याकडे मोजकेच आठवडे उरलेले असतात. अंड्यातून निघाल्यापासून त्याचं सगळं आयुष्यच दोन-अडीच महिन्यांचं. ‘मोठे मोठे द्या’ म्हणून मागवलं तर पेन्शनर येतात, आणि कोल्हापूर ते रत्नागिरी प्रवासात त्यातले निम्मे थकतात. अर्धवट वाढलेले, बिनपंखांचे मागवा. तसंही गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा द्यायचा नसतो.

एक प्रकार वेगळा. मरणं एका रात्रीत नाही, दोन-तीन आठवडे चाललंय. मोठे आणि मोठे होत आलेले किडे सुस्त होतात, पाठीवर पडून राहतात, पोट पाणचट. आणि डबा कितीही कोरडा ठेवला तरी थांबत नाही. फिकट तपकिरी घरगुती रातकिड्यांना, म्हणजे अकेटा डोमेस्टिकसला, डेन्सोव्हायरस नावाचा विषाणू होतो. युरोपातल्या रातकिड्यांच्या शेतांना त्याने आधी झोडपलं आणि 2009-10 च्या सुमारास उत्तर अमेरिकेतल्या शेतांचीही वाट लावली. त्याच्यावर औषध नाही. ट्रे जाळा, डबा ब्लीचने धुऊन उन्हात टाका (ऊन मिळालं तर), आणि जात बदला. पट्टेरी रातकिडा, ग्रायलोड्स सिगिलॅटस, आणि काळा रातकिडा, ग्रायलस बायमॅक्युलेटस, या विषाणूला दाद देत नाहीत. मला पट्टेरी जास्त आवडतो. अंगाने बारीक, मऊ आणि चपळ. काळा चावरा आहे आणि रात्री असा ओरडतो की बाबांनी एकदा त्याला टॉर्च घेऊन माळ्यावर शोधला, तो डब्यात होता.

डबा कसा लावला

मला हे सांगायला जरा वेळ लागेल, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका केल्या.

पुण्या-नाशिककडची मंडळी रातकिड्यांना ऊब कशी द्यायची ते सांगतात: दिवा लावा, हीटिंग पॅड लावा. ते त्यांच्या थंडीसाठी. रातकिड्यांना साधारण 28 ते 32 अंश आवडतं आणि आपल्याकडे जुलैतही दिवसा 28 च्या आसपास असतंच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारवा पडतो तेव्हा अंडी फुटायला दहा-चौदा दिवसांहून जास्त लागतात, इतकाच काय तो फरक. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमच्याकडे पाच दिवस लाईट नव्हती. आठळीच्या टाकीची मला काळजी होती, रातकिड्यांना काहीही झालं नाही. आपली अडचण ऊब नाही, वारा आहे.

उंच, गुळगुळीत भिंतीचा प्लास्टिकचा डबा घेतला, चाळीसेक लिटरचा. झाकणाचा मधला भाग कापून स्टीलची बारीक जाळी बसवली आणि दोन्ही बाजूंना तळहाताएवढी भोकं पाडून तिथेही जाळी. नायलॉनची जाळी लावू नका, ती दोन रात्रींत कुरतडतात. मी लावली होती, आणि आठवडाभर देवघरातून किर्रर्र ऐकू येत होतं. आजी म्हणाली, राहू दे, आरतीला साथ आहे.

तळाला काही नाही. काथ्या नाही, माती नाही, भुसा नाही. कोरडं प्लास्टिक, म्हणजे रोज सकाळी एका कागदाने मेलेले आणि लेंड्या गोळा करता येतात. अंड्यांचे ट्रे आडवे न रचता उभे लावायचे, घाण ट्रेवर न साठता खाली पडते. पाण्याची वाटी ठेवायची नाही, त्यात बुडतात. ओला स्पंज उन्हाळ्यात ठीक, पावसाळ्यात तो बुरशीचं घर. त्याऐवजी गाजराच्या किंवा लाल भोपळ्याच्या दोन फोडी संध्याकाळी ठेवायच्या आणि सकाळी, सुकलेल्या असोत वा नसोत, उचलायच्या. बटाटा नको, एका रात्रीत त्याला लव येते. एकदा कौतुकाने बरका फणस ठेवला होता. फळमाशा आठ दिवस घरभर होत्या.

सगळ्यात कामाची वस्तू फुकट मिळाली. भावाच्या बिघडलेल्या कॉम्प्युटरमधला बारा व्होल्टचा छोटा पंखा काढला आणि बाजूच्या जाळीवर असा लावला की तो डब्यातली हवा बाहेर ओढेल. आत फुंकणारा पंखा नको, किडे कोपऱ्यात दबून बसतात. डब्यातला आर्द्रतेचा आकडा खोलीपेक्षा फार खाली येत नाही, पण हवा हलते, वास बसत नाही आणि ट्रे कडक राहतात. लाईट गेली की पंखा बंद. तेव्हा झाकण काढून त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधते आणि रात्रीपुरता डबा पडवीत. रात्रीपुरतं नायलॉन चालतं, आठवडाभर नाही.

मुंग्या

मुंग्यांनी एकदा मीलवर्मचा, म्हणजे कोंड्यात वाढवायच्या अळ्यांचा, आख्खा डबा नेला. नेला म्हणजे खरंच नेला, एक लाल ओळ कपाटापासून उंबऱ्यापर्यंत. उपाय जुनाच आहे: फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. डब्याखाली चार करवंट्या उलट्या, त्या एका रुंद परातीत, परातीत पाणी. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की मुंग्यांना पाण्यावरून चालत जाता येत नाही, बुडतात. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. नाहीतर डासांसाठी मशीन काढलं आणि परातीत डासच वाढवले असं होईल.

मीलवर्ममधली पांढरी धूळ

कोंड्यावर फिकट धूळ दिसते, बोट लावलं तर ती हलते: धान्यातले माइट. गेकोला त्यांचा थेट त्रास नाही, पण ते कोंडा खातात, ओल वाढवतात आणि अळ्या मरायला लागतात. कोरड्या हवेत ते टिकत नाहीत, आपल्याकडच्या जुलैत त्यांची जत्रा असते.

यावर माझा उपाय स्वयंपाकघरातला. गव्हाचा कोंडा आणला की रवा भाजतो तसा कढईत मंद आचेवर भाजायचा, हाताला चांगला चटका बसेल इतका, आणि पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात. कोंड्याबरोबर आलेले माइट, त्यांची अंडी, टोके, सगळं संपतं. माइट लागलेलाच असेल तर अळ्या पिठाच्या चाळणीने चाळून काढा, जुना कोंडा घराबाहेर टाका, डबा गरम पाण्याने धुऊन कडकडीत वाळवा. नंतर आठवडाभर भाजी अगदी बारीक फोडीत, तीही काही तासच. डब्याच्या काठाला आतून व्हॅसलिनचा पट्टा ओढला तर माइट चढून शेजारच्या डब्यात जात नाहीत.

चाळण मात्र वेगळी ठेवा. आमच्याकडे यावरून एकदा महाभारत झालं आहे.

फ्रिजबद्दल एक गफलत सगळे करतात. मीलवर्म फ्रिजमध्ये ठेवता येतात, सात-दहा अंशांत ते सुस्तावतात आणि महिनोन् महिने कोशात जात नाहीत. सुपरवर्म दिसायला त्यांचेच थोरले भाऊ, पण थंडीत मरतात. दोघांची पाकिटं फ्रिजच्या एकाच कप्प्यात ठेवून मी एकदा पन्नास सुपरवर्मचा चिखल केला आहे.

मग कोकणात पाळायचं काय?

माझं मत विचाराल तर पावसाळ्यात एका गेकोसाठी रातकिड्यांच्या पार्सलवर अवलंबून राहणं हा मूर्खपणा आहे. घाटात दरड कोसळली की पार्सल दोन दिवस गाडीत, ओल्या खोक्यात. आपण आगोटीला सुकी मासळी, मिरच्या, लाकडं, कोकमं भरून ठेवतो, कारण नंतर मिळणार नाही हे माहीत असतं. किड्यांचंही तसंच करायचं. मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत स्वतःची पैदास चालू पाहिजे.

आपल्या हवेला सगळ्यात सोसतात ती डुबिया झुरळं. हो, झुरळं. आपल्या मोरीतली नव्हेत. दक्षिण अमेरिकेतली जात, गुळगुळीत भिंत चढता येत नाही, उडण्यात राम नाही, वास नाही, आवाज नाही. ऊब आणि दमटपणा दोन्ही आवडतात. मादी पिल्लंच घालते, एका वेळी वीस-तीस. फक्त घाई नाही: पिल्लू मोठं व्हायला चार-सहा महिने लागतात, त्यामुळे दिवाळीत सुरू केलेला डबा पुढच्या मेपर्यंत हाताशी येतो. तेवढे महिने मोठ्यांना हात लावायचा नाही. आणि ती बाहेर सुटू द्यायची नाहीत. परदेशी किड्याला कोकणासारखी हवा आणि शेजारी वाडी मिळाली तर काय होईल याचा प्रयोग आपण करायचा नाही.

दुसऱ्या डब्यात मीलवर्म. ते आठळीला रोज घालत नाही, चरबी रातकिड्याच्या दुपटीच्या आसपास असते आणि कवच कडक. नुकतीच कात टाकलेली पांढरी अळी मिळाली तर तीच देते. वॅक्सवर्म, ही मेणपतंगाची अळी, म्हणजे पेढा. सणावारी एक. रोज पेढे खाऊ घातले की गेको बाकी सगळ्याला नाक मुरडते, आणि मग लोक विचारतात, माझी गेको रातकिडे का खात नाही?

ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या कोकणात ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात आपणहून येतात. या एका अळीत कॅल्शियम भरपूर असतं, बाकी किड्यांत नसतं. पण कचऱ्यातल्या अळ्या गेकोला नकोत. त्या काय खाऊन वाढल्या ते तुम्हाला ठाऊक नसतं. हव्या असतील तर स्वच्छ भाजीच्या सालांवर वेगळ्या वाढवा.

वाडीतले फुकटचे किडे

‘एवढे पैसे कशाला, दिव्याखाली बघ किती किडे आहेत,’ असं प्रत्येक पाहुणा म्हणतो. खरंच असतात. पहिल्या पावसात पंखाच्या वाळव्यांचा पाऊस पडतो आणि भिंतीवरच्या पाली पोट फुटेस्तोवर खातात. पण त्या वाळव्या कोणाच्या बागेतून आल्या? हापूसच्या बागांत मोहोराच्या आधीपासून तुडतुड्यांवर डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, इमिडाक्लोप्रिड अशा फवारण्या चालतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं त्याचं वेळापत्रकच असतं. शिवाय रानातल्या किड्यांबरोबर जंत येतात ते वेगळेच.

काजवा तर कधीच नाही. मेअखेरीस झाडं लखलखायला लागली की मुलं ओंजळीत काजवे धरून आणतात, आणि एखादा टाकीत सोडून बघायचा मोह होतो. काजव्यांच्या काही जातींत ल्युसिब्युफॅजिन नावाचं विष असतं, हृदयावर काम करणारं. अमेरिकेत पाळलेले बिअर्डेड ड्रॅगन जातीचे सरडे काजवा खाऊन मेल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडची जात विषारी की नाही हे तुमच्या गेकोवर तपासायची गरज नाही.

शेणखताच्या खड्ड्यातली गेंडा भुंग्याची जाडजूड अळी बघून हात शिवशिवतात, पण तिचा जबडा बघा आधी. गांडूळखताच्या टाकीतली लाल गांडुळंही नकोत, डिवचल्यावर ती कडू पिवळा द्रव सोडतात. आठळीने एक तोंडात घेतलं आणि पाच मिनिटं तोंड काचेला पुसत होती.

आणि उलट दिशेनेही एक विनंती. किडे शोधायला सड्यावर जाऊन दगड उलटू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळसड्यांवर दगडांखाली एक छोटीशी पट्टेरी पाल राहते, हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस. 1963 मध्ये शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली ती आपल्याच जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून. तिचं घर म्हणजे तो एक दगड.

कॅल्शियम, थोडक्यात

किड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो, गेकोला हवं असतं नेमकं उलटं: फॉस्फरसच्या दीड-दोनपट कॅल्शियम. किड्यांना कॅल्शियमची पूड लावून दिली नाही तर गेकोची हाडं मऊ होतात, जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. थरथर दिसली की घरगुती उपाय थांबवा आणि सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर गाठा, कोल्हापूर-पुण्याला जावं लागलं तरी.

किडे गेकोला द्यायच्या आदल्या दिवशी त्यांना पोटभर खाऊ घाला. मी शेवग्याचा पाला, लाल भोपळा आणि नाचणीचं पीठ घालते. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 340 ते 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तरी तेवढ्याने भागत नाही, वरून पूड लागतेच. अळू आणि पालक टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. पूड लावायला किडे वाटीत घेऊन दोन मिनिटं फ्रिजमध्ये, मग पिशवीत हलकेच हलवायचे. जीवनसत्त्वांची पूड पावसाळ्यात गोळा होते. छोट्या बाटलीत काढा, मोठा डबा बंदच ठेवा. रात्री उरलेला रातकिडा टाकीतून काढा, झोपलेल्या गेकोला तो चावतो.

साधी कॅल्शियम पूड संपली आणि घाट बंद असेल तर किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेन चालतो. माकुळाचं हाड ते, बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटच. तीन-चार दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत, मीठ निघेपर्यंत भिजवा, खडखडीत वाळवा, वरचा मऊ भाग खरवडून वस्त्रगाळ करा. त्यात डी-3 जीवनसत्त्व नसतं, म्हणून तात्पुरतंच. पानाचा चुना मात्र नाही. एका काकांनी मला तोच सुचवला होता. तो दाहक असतो, तोंड भाजतो.

आठळी रुसली असेल तर

सगळं नीट असूनही खात नसेल तर आधी अंगाचा रंग बघा. फिकट, दुधाळ झाली असेल तर कात टाकायची आहे, दोन-चार दिवस थांबा. नसेल तर टाकीच्या उबदार कोपऱ्यातलं तापमान मोजा. लाईट जाऊन-येऊन थर्मोस्टॅट बिघडलेला असतो आणि गार पडलेल्या गेकोला अन्न पचत नाही, म्हणून ती खात नाही. 31-32 अंश हवेत. शेपटी जाड असेल तर मोठ्या गेकोचा आठवडाभराचा उपास ही काळजीची गोष्ट नाही. शेपटी बारीक होत चालली तर आहे.

यंदा मेमध्ये माझ्याकडे डुबियाची एक पेटी, भाजलेल्या कोंड्यातल्या मीलवर्मचे दोन डबे आणि पट्टेरी रातकिड्यांचा एक डबा होता. मृगाच्या पहिल्या आठवड्यात सत्तरातले अकरा रातकिडे गेले, मोजून. डुबियाच्या पेटीला आई अजून ‘ते’ म्हणते आणि झाकण उघडून एकदाही बघितलेलं नाही. पण लाल भोपळा चिरताना बियांभोवतीचा गर आता कचऱ्यात जात नाही. ओट्यावर एक वाटी असते, त्यात.